ती ढाल बर्फातून आली आहे: 'एंडगेम'च्या चौघा कर्त्यांना खुलं पत्र

प्रति,
दिग्दर्शक अँथनी रुसो व जो रुसो, आणि पटकथाकार ख्रिस्तोफर मार्कस व स्टीफन मॅकफीली यांस

सप्रेम नमस्कार.

तुम्हा चौघांना एकाच पत्रात गाठते आहे, कारण एकाच प्रश्नाची तुमच्याकडून दोन उत्तरं आली आणि ती एकमेकांना छेद देतात. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'च्या शेवटी कॅप्टन अमेरिका, म्हणजे स्टीव्ह रॉजर्स, 'इन्फिनिटी स्टोन' हे शक्तिशाली खडे भूतकाळात परत ठेवायला पाच सेकंदांसाठी निघतो, आणि तळ्याकाठच्या बाकावर म्हातारा होऊन बसलेला दिसतो. तिथे तो मित्राला, सॅम विल्सनला, ढाल देतो. हा म्हातारा स्टीव्ह आला कुठून? चित्रपट एप्रिल २०१९मध्ये लागला आणि त्यानंतर दिग्दर्शकांनी सांगितलं की स्टीव्ह भूतकाळात राहायला गेला तेव्हाच वेगळी कालरेषा फुटली. तो त्या जगात जगला आणि नंतर इकडे आला. पटकथाकारांनी सांगितलं की वेगळी कालरेषा वगैरे काही नाही. तो आपल्याच जगाच्या भूतकाळात गेला, युद्धकाळातली प्रेयसी पेगी कार्टर हिचा नवरा म्हणून जगला, आणि आधीचे सगळे चित्रपट घडत होते तेव्हा तो इथेच कुठेतरी म्हातारा होत होता.

दृश्य ज्यांनी लिहिलं आणि ज्यांनी चित्रित केलं, त्यांचंच एकमत नाही. मग प्रेक्षकांनी काय करावं?

"चित्रपटच आहे, दे सोडून," असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. मला ते सोडवत नाही. मार्कस आणि मॅकफीली, २०११च्या 'द फर्स्ट ॲव्हेंजर'पासून स्टीव्ह नायक असलेले कॅप्टन अमेरिकाचे तिन्ही चित्रपट तुम्ही लिहिले. रुसो बंधूंनी 'द विंटर सोल्जर'पासून त्याला हाती घेतलं. या माणसाला तुम्ही इतकं नीट घडवलंत की तो कुठे बोलेल, कुठे उभा राहील, कुठून पळणार नाही, हे आम्हाला आधीच कळायला लागलं. म्हणूनच पटकथाकारांचं उत्तर मला पटत नाही. कालप्रवासाचं गणित चुकलं तर मी चालवून घेईन. स्टीव्ह रॉजर्स चुकला तर ते मला चालवून घेता येत नाही.

आधी गणित उरकते.

बॅनर या शास्त्रज्ञाने चित्रपटातच नियम सांगितला आहे. तुम्ही भूतकाळात गेलात की तो तुमचा पुढचा काळ होतो आणि मागे सोडलेला वर्तमान तुमचा भूतकाळ होतो, त्यामुळे तिथे काहीही केलंत तरी इथलं बदलत नाही. पुढे २०१२च्या न्यूयॉर्कमध्ये एन्शंट वन ही जादूगार त्याच बॅनरला समजावते की इन्फिनिटी स्टोन जागचा हलवला तर नवी फांदी फुटेल. पटकथाकारांनी नेमका हा दुसरा संवाद धरला. फांदी फुटते ती स्टोन काढल्यामुळे, नुसतं जाऊन राहिल्यामुळे नाही, म्हणून स्टीव्ह निमूटपणे राहिला तर फांदी फुटण्याचं कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दिग्दर्शक बॅनरच्या नियमाला धरून आहेत. चित्रपट मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा आहे, आणि संवादांची कितीही पारायणं केली तरी निकाल लागत नाही. म्हणून मी संवाद बाजूला ठेवून माणसांकडे बघायला लागले.

पहिली पेगी. १९४५मध्ये स्टीव्ह विमानासह बर्फात गोठला आणि ६६ वर्षांनी सापडला, ती तोवर म्हातारी झाली.

'द विंटर सोल्जर'मध्ये स्टीव्ह तिला भेटायला जातो ते दृश्य आठवा. ती अंथरुणाला खिळली आहे. शेजारी तिच्या मुलांचे फोटो आहेत. ती शांतपणे, थोडं थट्टेनेही बोलते. मग तिला खोकल्याची उबळ येते, स्टीव्ह पाणी द्यायला वळतो, आणि तो पुन्हा समोर येतो तेव्हा तिच्या स्मृतीतून मधला सगळा काळ पुसला गेलेला असतो. तो जिवंत आहे, परत आला आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं आणि ती रडायला लागते. इतकी वर्षं गेली, असं ती म्हणते. तुमच्या सगळ्या चित्रपटांतलं हे मला सर्वांत जवळचं दृश्य आहे. एक बाई जन्मभर एका माणसाला गमावून जगली आणि आता आजारामुळे ती त्याला रोज नव्याने गमावते आहे, रोज नव्याने परत मिळवते आहे.

आता पटकथाकारांचं उत्तर खरं मानून तेच दृश्य पाहा. या बाईचा संसार स्टीव्हशीच झाला आहे, फोटोतली मुलं त्याचीच आहेत. मग ती रडते कशासाठी? आजारामुळे लग्नही विसरली, असं म्हणता येईल. पण मग फोटोंविषयी ती शुद्धीवर असताना बोलते त्याचं काय? आपण एक आयुष्य जगलो, तुला मात्र तुझं जगता आलं नाही याचंच वाईट वाटतं, असं ती त्याला सांगते. नवरा आपल्यासोबत सत्तर वर्षं जगला हे माहीत असलेली बाई त्याच्याच तरुण रूपाला असं सांगत असेल, तर ती त्याच्याशी खोटं बोलते आहे. तिच्या तोंडी तुम्ही लिहिलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य खोटं पडतं. एका म्हाताऱ्या बाईच्या विस्मरणाचं ठिगळ लावून कथेतलं भोक बुजवायचं, हे मला पटत नाही.

त्याच चित्रपटात स्मिथसोनियनमधलं प्रदर्शन आहे. तिथल्या पडद्यावर पेगीची १९५३ची मुलाखत चालते. हायड्रा या शत्रुसंघटनेने वेढा घातलेल्या हजाराहून जास्त सैनिकांना स्टीव्हने सोडवलं आणि त्यांतलाच एक पुढे आपला नवरा झाला, असं ती सांगते. सांगताना तिचा आवाज जड होतो. गमावलेल्या माणसाविषयी बोलणाऱ्याचा आवाज तसा होतो. घरी जेवायला वाट पाहत असलेल्या माणसाविषयी बोलताना तो तसा होत नाही. तो नवरा कोण, हे तुम्ही कधीच सांगितलं नाही, आणि मला ते आवडलं होतं. स्टीव्हने वाचवलेल्या अनोळखी शिपायाबरोबर पेगीने संसार केला यात केवढा अर्थ आहे! स्टीव्ह बर्फात गेला, पण त्याने वाचवलेल्या माणसामुळे पेगी एकटी राहिली नाही. त्या शिपायाला कथेतून काढून त्याच्या जागी स्टीव्हला बसवलं तर पेगीचं स्वतःचं असं काय उरतं?

शॅरन कार्टरचा मुद्दा मी फार ताणत नाही. पेगीच्या भावंडाच्या या नातीला 'सिव्हिल वॉर'मध्ये स्टीव्ह चुंबन देतो. स्टीव्ह तिचा आजोबा लागत असेल तर त्या प्रसंगाचं काय होतं, ते तुम्हालाही कळतं.

दुसरा बकी. इथे माझा खरा जीव अडकला आहे.

स्टीव्हचा जिवलग मित्र बकी बार्न्स १९४५मध्ये आगगाडीतून दरीत पडला. हायड्राने त्याला उचललं, त्याचा मेंदू धुतला, त्याला गोठवून ठेवलं, आणि हवा तेव्हा बाहेर काढून त्याच्याकडून माणसं मारवली. पन्नास वर्षांत दोन डझनांहून अधिक हत्या, असा हिशेब स्टीव्हची सहकारी नटाशा हिने दिला आहे. १६ डिसेंबर १९९१ रोजी त्याच हातांनी टोनी स्टार्कचे, म्हणजे आयर्न मॅनचे आईवडील हॉवर्ड आणि मारिया मारले गेले. इकडे हायड्राचा शास्त्रज्ञ अर्निम झोला याला सरकारने शील्ड या गुप्तचर संघटनेत आणून बसवलं आणि त्याने पेगीच्या संघटनेच्या पोटात हायड्रा वाढवली. हे सगळं स्टीव्हला माहीत आहे. तारखेनिशी माहीत आहे.

पटकथाकारांच्या जगात हा माणूस १९४०च्या दशकाच्या अखेरीस पेगीच्या दारात येतो आणि मग जवळजवळ सत्तर वर्षं मूग गिळून बसतो. पेगी रोज सकाळी कामाला जाते, तिथे झोला असतो. हॉवर्ड तर पेगीचा जुना सोबती. समजा तो घरी आला, स्टीव्हच्या समोर बसून हसला, छोट्या टोनीच्या खोड्या सांगू लागला, तर स्टीव्ह त्याच्या पेल्यात दारू ओतत मनात वर्षं मोजत बसला असेल? आणि बकी त्याच वेळी कुठल्या तरी तळघरात काचेआड गोठलेला. हा बकी म्हणजे तोच, ज्याच्यासाठी स्टीव्हने 'सिव्हिल वॉर'मध्ये मित्र सोडले, कायदा सोडला, शेवटी ढालसुद्धा टाकून दिली.

त्याच चित्रपटात तो टोनीला सांगतो की काही वाईट घडताना दिसलं की मला दुर्लक्ष करता येत नाही, कधी कधी करता आलं असतं तर बरं झालं असतं. ॲव्हेंजर्सवर नियंत्रण आणणारा, ११७ देशांनी सह्या केलेला सोकोव्हिया करार त्याने याच स्वभावामुळे धुडकावला. आणखी एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. टोनीच्या आईवडिलांच्या मृत्यूविषयी स्टीव्ह आधी गप्प राहिला होता आणि त्या गप्प राहण्याची किंमत त्याने सायबेरियात मोजली. नंतर टोनीला पाठवलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की तुला दुःख होऊ नये म्हणून गप्प राहिलो असं वाटत होतं, प्रत्यक्षात मी स्वतःलाच वाचवत होतो. हे पत्र तुम्हीच लिहिलंत. एवढं शिकलेला माणूस पुढे तीच चूक सत्तर वर्षं करत राहील?

आयझाया ब्रॅडलीचं नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो तुमच्या चित्रपटांत नव्हता, २०२१च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' मालिकेत आला. ३० वर्षं कैदेत ठेवून ज्याच्यावर प्रयोग केले तो कृष्णवर्णीय सैनिक. सॅम विचारतो, स्टीव्हला हे माहीत नव्हतं का? बकी म्हणतो, नव्हतं, मीच सांगितलं नाही. आता शील्डच्या संस्थापिकेच्या घरात स्टीव्ह सगळी दशकं राहिला असं म्हणायचं असेल, तर तो आजूबाजूला डोळे मिटून वावरला असंही म्हणावं लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जादूगार डॉक्टर स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्यं पाहिली आणि त्यांत खलनायक थॅनोसविरुद्ध जिंकण्याचं एकच निघालं. स्टीव्हने बकीला सोडवलं असतं तर ते एकमेव भविष्य हातचं गेलं असतं, म्हणून जगासाठी तो गप्प राहिला, त्याचा तो सगळ्यात मोठा त्याग होता, असं काही चाहते मनापासून मानतात. मीही काही महिने हेच मानून पाहिलं. पण 'इन्फिनिटी वॉर'मध्ये त्यांचा साथीदार व्हिजन स्वतःचा जीव द्यायला निघाला होता तेव्हा स्टीव्हनेच त्याला सुनावलं होतं की आपण जिवांचा सौदा करत नाही. व्हिजनचा एक जीव विरुद्ध अर्धं विश्व, असा तो हिशेब होता, तरीही तो नाही म्हणाला. तो माणूस बकीचा सौदा करणार नाही. शिवाय बॅनरचा नियम स्टीव्हने स्वतः ऐकला आहे. भूतकाळात काही केलं तरी मागे सोडलेलं जग बदलत नाही, हे माहीत असताना गप्प राहण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केली?

म्हणजे तो आपल्या जगात राहिलाच नाही. दिग्दर्शकांचं उत्तर बरोबर आहे. पण ते अर्धंच आहे, कारण जो रुसोंनी त्याच वेळी नवा प्रश्न सोडून दिला: तो दुसऱ्या कालरेषेत होता तर ढाल द्यायला इथे परत कसा आला? याचं उत्तर चित्रपटातच आहे असं माझं म्हणणं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपलं सगळ्यांचं झालं.

पटकथाकारांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे तो कालप्रवासाच्या यंत्राचा फलाट. बॅनर यंत्र चालू करतो, पाच सेकंद मोजतो, फलाटावर कुणी येत नाही आणि म्हातारा स्टीव्ह बाकावर सापडतो. दुसऱ्या कालरेषेतून आला असता तर तो फलाटावर उगवला असता, असं सगळे म्हणतात. पण ज्यात एक स्टोन होता तो टेसरॅक्ट हातचा गेल्यावर टोनी आणि स्टीव्ह २०१२च्या न्यूयॉर्कमधून १९७०च्या कॅम्प लेहाईला गेले ते आठवा. त्यांनी वर्ष बदललं, राज्यही बदललं. कुठलाही फलाट नव्हता, पलीकडे बॅनर नव्हता. मनगटावरच्या यंत्रात आकडे भरले आणि निघाले. म्हणजे उतरायला फलाट लागत नाही. कालप्रवासाला इंधनासारखे लागतात ते पिम पार्टिकल्स लागतात, आणि त्याच फेरीत स्टीव्ह ते हँक पिमच्या प्रयोगशाळेतून उचलून आणतो. ज्या जगात हँक पिम आहे त्या जगात ही सोय होऊ शकते, हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. म्हणून म्हातारा स्टीव्ह त्या दिवशी थोडा आधी, यंत्रापासून जरा लांब उतरला आणि बाकावर जाऊन बसला. बकीला हे ठाऊक होतं. पाच सेकंदांसाठी निघालेल्या माणसाला कुणी तुझी आठवण येईल म्हणत नाही, आणि बॅनर बटणांशी झटत असताना बकीच आधी तळ्याकडे वळतो.

वयावरून काही ठरवायला जाऊ नका. मी तो हिशेब मांडून पाहिला. स्टीव्हचा जन्म १९१८चा, त्यातली बर्फातली ६६ वर्षं वजा केली तर २०२३मध्ये त्याचं शरीर एकोणचाळिशीच्या आसपास येतं. त्यात पेगीसोबतचं पूर्ण आयुष्य मिळवलं की दोन्ही उत्तरांत तो शंभरी ओलांडतो. सुरकुत्या कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाहीत.

साक्ष देते ती ढाल.

थॅनोसने स्टीव्हची ढाल आपल्या दुधारी शस्त्राने फोडली. तिचा अर्धा भाग तुकड्यातुकड्याने उडताना आपण पाहिला. तुटलेल्या ढालीचा पट्टा आवळून तो एकटा त्या सैन्यासमोर उभा राहतो, ते चित्र कोण विसरेल? मग भूतकाळात जाताना त्याच्याकडे स्टोन्सची पेटी होती आणि थॉरचा हातोडा होता. ढाल नव्हती. आणि बाकावरचा म्हातारा शेजारच्या गोल खोळीतून अखंड ढाल बाहेर काढतो.

ही ढाल कुठली?

हॉवर्डने 'द फर्स्ट ॲव्हेंजर'मध्ये सांगितलं होतं की एवढंच व्हायब्रेनियम आमच्याकडे आहे, ते सगळं या ढालीत गेलं. म्हणजे स्टार्कच्या हाती दुसरी ढाल होण्याइतका धातूच नव्हता. व्हायब्रेनियमच्या खाणी असलेल्या वाकांडा देशाने नवी करून दिली असेल, असं कुणी म्हणेल. असेल, पण त्यासाठी चित्रपटाबाहेर आणखी एक अख्खी गोष्ट रचावी लागते, आणि पटकथाकारांच्या जगात ती रचताना हेही सांगावं लागतं की इतकी वर्षं लपून राहिलेला माणूस वाकांडात जाऊन कुणाला भेटला. दुसऱ्या कालरेषेतून आणली म्हटलं की काहीच रचावं लागत नाही. वस्तू कालप्रवासात सोबत येतात, हे त्यांचा सहकारी क्लिंट याच्या पहिल्या चाचणीतच दिसलं. तो स्वतःच्या घरी जातो, मुलीचा आवाज ऐकतो, आणि परततो तेव्हा बेसबॉलचा हातमोजा त्याच्या हातात असतो. मोजा आला तर ढालही येईल.

इथपर्यंत बरेच चाहते पोचले आहेत. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

पेगी जिथे तरुण आहे आणि त्याची वाट पाहून थकली आहे, अशा जगात स्टीव्ह गेला. त्या जगात ढाल कुठे असेल? स्वतःचं विमान बर्फात उतरवणाऱ्या, त्या जगातल्या स्टीव्हजवळ. 'द फर्स्ट ॲव्हेंजर'ची सुरुवात आठवा. बर्फात अडकलेल्या विमानात शोधपथक उतरतं, विजेरीचा झोत फिरतो, आणि बर्फाच्या थराखाली सगळ्यात आधी दिसते ती ढालच. त्या जगातही ती तिथेच असणार, आणि तिच्याजवळ सत्ताविशीचा, पेगीला नाचायला नेण्याचं वचन देऊन गोठलेला एक तरुण.

दिग्दर्शकांच्या उत्तरावरचा सगळ्यात कठोर आक्षेप हाच आहे, आणि तो करणाऱ्यांना मी कधी उलट बोलू शकले नाही: स्टीव्ह पेगीबरोबर नाचत होता तेव्हा दुसरा स्टीव्ह बर्फात होता. जागा त्याला माहीत होती. त्याला तिथेच राहू देऊन त्याचं आयुष्य हा जगला असेल, तर ते आपल्या जगात मूग गिळून बसण्यापेक्षाही वाईट.

पण ढाल अखंड आहे, आणि ती त्याच्या हातात आहे. म्हणजे कुणीतरी त्या बर्फापर्यंत गेलं होतं. ती आणायची तर विमान शोधावं लागतं, थर फोडावा लागतो, आणि तिथे पोचलेला माणूस ढाल काढून घेईल आणि शेजारच्याला तसाच सोडून येईल? स्टीव्ह रॉजर्स? हे मला अशक्य वाटतं. त्याने त्याला बाहेर काढलं. सत्तर वर्षं वाट न बघता, त्याची माणसं जिवंत असताना, बकीला शोधायला वेळ असताना काढलं. माझ्या मनातल्या त्या जगात बकीला त्या दोघांनी मिळून सोडवलं. झोलाचं बिंग फुटलं. १६ डिसेंबर १९९१च्या रात्री हॉवर्ड आणि मारिया गाडीतून घरी पोचले.

आणि पेगी? हा प्रश्न मला टाळायचा नाही, पण त्याचं तयार उत्तरही माझ्याकडे नाही. दोन माणसं, एकाच नावाची, एकाच बाईवर प्रेम करणारी. त्यांतल्या एकाने बारा वर्षं जास्त जगून घेतली आहेत, थॅनोसला पाहिलं आहे, टोनीला आणि नटाशाला गमावलं आहे. दुसरा कालपरवाच युद्धातून उठला आहे. निवड पेगीने केली असेल, कुणीही तिच्यासाठी केली नसेल, एवढं मी खात्रीने म्हणेन, कारण तीही तुम्हीच घडवलेली आहे. तिने कुणाला निवडलं याची खूण म्हाताऱ्याच्या बोटात आहे. सॅम त्या अंगठीविषयी विचारतो आणि तो सांगायला नकार देतो. लग्न सुखाचं झालं एवढंच सांगायचं असतं तर नकार द्यायचं कारण नव्हतं. मला त्या नकारात दुसऱ्या स्टीव्हची आठवण ऐकू येते. ज्याने आपल्याला समजून घेतलं त्याची गोष्ट तिसऱ्या माणसाला चटकन सांगता येत नाही.

ढाल त्या दुसऱ्यानेच त्याला दिली असणार. ती हिसकावून घेण्यासारखी वस्तू नाही. आणि म्हणून मला सॅमचा प्रसंग आता वेगळा ऐकू येतो. ढाल हाती घेतल्यावर कसं वाटतं असं स्टीव्ह विचारतो. दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटतं, सॅम म्हणतो. स्टीव्ह सांगतो, तशी नाही. ती खरोखरच दुसऱ्या कुणाची तरी होती. तो हे जाणून होता, आणि तरी तो तसं म्हणाला, कारण त्यानेही ती एकदा अशीच घेतली होती आणि ती आपली होते हे त्याला ठाऊक होतं.

कालरेषांवर देखरेख करणाऱ्या टीव्हीए या कार्यालयावरून येणारा आक्षेप मला माहीत आहे. 'लोकी' मालिकेनुसार अशा फांद्या छाटल्या जायच्या, मग स्टीव्हची फांदी कशी टिकली? त्याच मालिकेच्या पहिल्या भागात न्यायाधीश सांगते की ॲव्हेंजर्सनी केलं ते व्हायचंच होतं. स्टीव्हचा हा प्रवास त्यातच मोडतो असं मी धरते. यापुढे त्या कार्यालयाच्या कारभारात शिरायची माझी इच्छा नाही.

रुसो बंधू, 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'चं दिग्दर्शन तुम्ही करणार असल्याचं जुलै २०२४मध्ये जाहीर झालं. लेखनात मॅकफीलीही आहेत. म्हणजे हा प्रश्न कायमचा मिटवण्याची ताकद पुन्हा तुमच्याच हाती आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. स्टीव्ह आपल्याच जगात लपून होता असं एखाद्या ओळीत कुणी बोलून गेलं, तर अंथरुणावरची पेगी, काचेआडचा बकी आणि रस्त्यावरचे हॉवर्ड-मारिया, सगळे त्या एका ओळीखाली जातील. किंवा पेगीसोबतच्या त्याच्या सुखाची शिक्षा म्हणून कुठलं तरी जग कोसळलं असं दाखवाल, तर बर्फातून दुसऱ्याला काढणाऱ्या माणसावर तो अन्याय होईल.

माझी मागणी मोठी नाही. मुलाखतीत कुणाचं बरोबर होतं ते सांगू नका, नियमाचा तक्ता देऊ नका. आज सॅम विल्सनच्या हातात जी ढाल आहे ती कुठून आली, तेवढं दाखवा. अर्ध्या मिनिटाचं दृश्य पुरेल. उत्तरेकडचा बर्फ, फोडलेला पत्रा, विजेरीचा झोत, आणि तो धरणारा हात स्टीव्हचा.

आपली,
एक प्रेक्षक